यांचा फोन कपाटात बंद आहे. फोटो ठेवू तरी कुठे?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५८. केळीची बाग, मातीच्या सपाट छताचं म्हणजे धाब्याचं जुनं घर आणि त्याला लागून बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा फोन तेव्हापासून कपाटात बंद पडून आहे. नातवाच्या बारशापासून शेवटच्या कानबाईच्या सणातल्या रोटांपर्यंतचे सगळे फोटो त्यात आहेत. फोन उघडायचा पॅटर्न मुलीला ठाऊक आहे. ताईंच्या स्वतःच्या फोनवर ‘जागा भरली’ असा निरोप रोज येतो. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं आपोआप गुगलवर जातं, तू काळजी करू नको. नाशिकची मुलगी म्हणते, हार्ड डिस्क घे. गावातला पुतण्या म्हणतो, स्टुडिओत डीव्हीडी करून घेऊ आणि फोन रिकामे करून टाकू. ताई विचारतात: “या तिघांत खरं कोणाचं? फोटो कायमचे राहतील अशी एक जागा सांगा. मला यातलं काही कळत नाही, आणि यांचा फोन हातात घ्यायचा धीर होत नाही.”

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी एक काम सांगते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. यजमानांचा फोन येत्या काही दिवसांत चालू करायला हवा. तुमच्या हातून होत नसेल तर मुलीला चार दिवस माहेरी बोलवा आणि तिच्या हातून होऊ द्या.

घाई का, ते सांगते. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन् महिने तशीच राहिली की ती पुन्हा चार्ज न घेण्याची शक्यता वाढत जाते. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. एखादं गुगल खातं सलग दोन वर्षं कुणी वापरलंच नाही, तर ते खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकण्याची मुभा गुगलने आपल्या नियमांत ठेवली आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून अशी खाती काढायला सुरुवातही झाली आहे. यजमानांचे काही फोटो त्यांच्या खात्यात गेलेले असतील तर तुमच्या हातात सहाएक महिने उरले आहेत. तिसरं, त्यांचा मोबाइल नंबर. रिचार्ज बंद राहिला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळतो. नंबर अजून चालू असेल तर छोटा रिचार्ज मारून तो जिवंत ठेवा. त्यांच्या खात्यात शिरायला ओटीपी लागला तर तो त्याच नंबरावर येणार.

मुलीला क्रम नीट सांगा. आधी फोनची पाठ बघायची. ती फुगलेली किंवा उचललेली दिसली तर फोन चार्जरला लावायचाच नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन फक्त बॅटरी बदलून घ्यायची, आणि “रिसेट करायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही” असं त्याला स्पष्ट बजावायचं. हल्लीच्या फोनमधली माहिती आतून कुलूपबंद असते. पॅटर्नशिवाय ती कुणालाच वाचता येत नाही, आणि रिसेट झाला की ती गेली. म्हणून तो पॅटर्न आजच मुलीकडून कागदावर काढून घ्या. आज तो तिच्या एकटीच्या डोक्यात आहे.

फोन चालू झाला की लगेच इंटरनेट जोडू नका. व्हॉट्सॲप उघडू नका, अपडेट करू नका, काढून तर मुळीच टाकू नका. यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला लावायचा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं आणि डीसीआयएम नावाचा फोल्डर कॉपी करायचा. कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात. व्हॉट्सॲपचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. नव्या फोनमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर अशी वाट आहे. हजारो फोटो एकदम ओढले तर मधेच अडकतं, तेव्हा थोडे थोडे घ्यावेत. आणि ‘कट’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’. हे सगळं झाल्यावर वायफाय जोडून त्यांचं जीमेल आणि गुगल फोटोज् एकेकदा उघडायचं, म्हणजे खातं वापरात आहे अशी नोंद होते. खात्यात शिरताच आलं नाही, तर मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल जवळच्या नातेवाइकांनी अर्ज करण्याची सोय गुगलकडे आहे. त्याला मृत्यूचा दाखला लागतो आणि माहिती मिळेलच अशी हमी नसते. म्हणून फोन उघडतोय तोवरच काम उरकलेलं बरं.

व्हॉट्सॲपच्या त्याच फोल्डरमध्ये ‘व्हॉइस नोट्स’ असतात, ताई. यजमानांनी मुलाला, मुलीला, शेतातल्या गड्याला पाठवलेले आवाजी निरोप. काही फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंगही सापडतात. लोक फोटो जपतात आणि आवाज विसरतात, मग पुढे आवाजासाठीच जीव तळमळतो. मुलीला हा फोल्डर नाव घेऊन सांगा.

आता धीराबद्दल. तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फोन उघडला म्हणजे सगळं बघावं लागेल, असं मनात धरून तुम्ही तो कपाटात ठेवला आहे. पण प्रत काढायला एकही फोटो बघावा लागत नाही. फोल्डर इथून उचलून तिथे ठेवायचा, एवढंच काम आहे. बघणं पुढच्या वर्षी होईल, पाच वर्षांनी होईल, तुमचं मन म्हणेल तेव्हा होईल. पण तेव्हा बघायला काहीतरी शिल्लक हवं. प्रत निघाल्यावर फोन परत त्याच कपाटात ठेवा. विकू नका, नातवाला खेळायला देऊ नका. अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा अर्धा चार्ज करत जा.

तुम्ही ‘एक जागा’ मागितली आहे. तिथेच मी तुम्हाला थोडं अडवणार आहे, आणि त्यासाठी आपल्याच भागातली एक गोष्ट सांगते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. या माणसाने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात बसले आणि तेच काम नव्याने केलं. त्या नकलाही लंडनलाच, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही बऱ्याचशा गेल्या. दोन्ही वेळा चित्रं ठेवली होती ती जागा त्या काळातली उत्तमातली उत्तम होती. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे. पहिल्या आगीपासून धडा घेऊन जे करायला हवं होतं, म्हणजे प्रती दोन-तीन ठिकाणी विभागणं, ते दुसऱ्या वेळीही झालं नाही.

म्हणून तिघांत खरं कोणाचं, हा प्रश्नच मी बाजूला ठेवते. तिघांच्या सल्ल्यात कुठे काय बिघडू शकतं तेवढं पाहू.

मुलाचं ‘आपोआप’ तपासून बघायला हवं. गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असं सगळं मिळून येतं. जून २०२१ पर्यंत थोडे हलके केलेले फोटो हवे तितके ठेवता येत होते. ती सवलत संपली. एक फोटो चार एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो मावतात, व्हिडिओ असले तर फारच कमी. तुमच्या फोनवर येणारा ‘जागा भरली’ हा निरोप फोनच्या जागेचा आहे की गुगलच्या, हे नीट वाचा. फोनच्या जागेचा असेल तर फोन भरलाय, इतकंच. गुगलच्या जागेचा असेल, तर त्या दिवसापासून तुमचा एकही नवा फोटो वर गेलेला नाही, आणि हे मुलाला पुण्यात बसून कळायचं काही कारण नाही. गुगल फोटोज् उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की बॅकअप पूर्ण आहे, बंद आहे की अडकलाय ते दिसतं. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपण वेगळं सांगितल्याशिवाय वर जात नाहीत.

त्यातला दुसरा खड्डा जास्त खोल आहे. गुगल फोटोज्‌मध्ये एखादा बॅकअप झालेला फोटो पुसला की तो फोनमधून आणि गुगलवरून, दोन्हीकडून जातो. ६० दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा. फोन रिकामा करायला बसलेल्या माणसाने “गुगलवर आहेतच की” म्हणत त्याच ॲपमधून भराभर पुसत जाणं, आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोटो शोधायला बसणं, हे कितीतरी घरांत झालं आहे. ‘जागा मोकळी करा’ म्हणून वेगळी सोय आहे, ती फक्त फोनमधली प्रत काढते. पण ती वापरली की सगळं एकट्या गुगलच्या भरवशावर आलं, हेही ध्यानात असू द्या. तरी गुगल ठेवाच. घराला काही झालं, फोन हरवला तर उपयोगी पडते ती हीच प्रत. १०० जीबी जागा महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपयांच्या घरात मिळते. मुलाला म्हणा, एवढा खर्च तू उचल. तो आनंदाने उचलेल.

मुलीचं म्हणणंही बरोबर आहे, फक्त अर्धं. १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये चार एमबीचे अडीच लाख फोटो मावतात. तुमच्या घराला आयुष्यभर पुरेल. पण तिच्या आत फिरती तबकडी असते आणि तिच्यापासून केसभर अंतरावर वाचणारी सुई. चालू असताना टेबलावरून पडली की बहुधा संपली. न पडताही एक दिवस बंद पडतेच, सांगून पडत नाही. म्हणून एक घेऊ नका, दोन घ्या. एक तुमच्याकडे, एक मुलीकडे नाशिकला. मोठी महागडी एक घेण्यापेक्षा साध्या दोन कधीही बऱ्या.

डीव्हीडीचा विचार सोडून द्या. स्टुडिओत करतात त्या डीव्हीडीत माहिती एका रंगाच्या थरावर उमटते आणि तो थर ऊन-उष्णतेने खराब होत जातो. शिवाय आजच्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची फटच नसते. पेन ड्राइव्हही ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. घरातल्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने पेन ड्राइव्हवर दिले असतील तर ते याच फेरीत डिस्कवर उतरवून घ्या.

जाणकार छायाचित्रकार हेच ‘३-२-१’ म्हणून सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्याकडे फोन आणि घरची डिस्क, नाशिकची डिस्क, वर गुगल. झालं की. नाशिकची डिस्क मी एवढी धरून बसले आहे त्यालाही कारण आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर नदीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी डिस्क, लॅपटॉप, अल्बम, सगळं एकाच कपाटात असलेल्या घराचं काय होतं, ते त्या भागात तुमचे नातेवाईक असतील तर विचारून बघा.

आता आपल्या हवेचं. अशा हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात, चालू असताना भोवतालचं तापमान ५ ते ३५ अंश असावं, असं बहुधा लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं. दुपारी स्लॅबच्या खोलीत पंख्याखाली किती असेल ते तुम्हीच जाणता. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा सकाळी आठच्या आत करा आणि दोन-तीन दिवसांत विभागा. बंद डिस्कला उष्णता बरीच सोसते, तरी ती पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका. तुमच्या धाब्याच्या खोलीत भर उन्हाळ्यातही गारवा असतो, ती जागा उत्तम. फक्त पावसाळ्यात, दरवर्षी छतावर खारी माती टाकली तरी, एखादी ठिबक लागतेच. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. नव्या चपला-पर्समध्ये निघतात त्याच पुड्या. लाइट जायची भीती असेल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरल्यावरच कॉपीला बसा, आणि डिस्क काढताना आधी स्क्रीनवरून ‘इजेक्ट’ करा. मधेच वायर ओढली तर डिस्क उघडेनाशी होऊ शकते.

डिस्कला पासवर्ड घालावा का? लॅपटॉपवाले घाला म्हणतील. घरच्या फोटोंसाठी मी घालू नका म्हणेन. कोणी डिस्क चोरून बारशाचे फोटो बघेल या भीतीपेक्षा पासवर्ड विसरला जाईल ही भीती खूप मोठी आहे. आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो मात्र त्या डिस्कवर ठेवू नका.

“ग्रुपवर टाकलेत, सगळ्यांकडे आहेत” हे तुमच्या पत्रात नाही, पण असं लिहिणारी पत्रं बरीच येतात म्हणून सांगते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो बारीक करतं. मोबाइलवर ठीक दिसतो, भिंतीवर लावायला मोठा करून घेतला की चेहरे पुसट होतात. चांगला फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आणि “मला यातलं काही कळत नाही” हे काही मी मान्य करणार नाही, ताई. केबल जोडणं मुलगी करेल, गुगलचे पैसे मुलगा भरेल. पण त्या फोटोंत कोण कोण आहे, हे कोणाला कळतं? १९८५ च्या लग्नातल्या फोटोत आजेसासूंच्या शेजारी उभी असलेली बाई कोण, ती कुठल्या गावची, कोणाची कोण, हे घरात तुमच्याशिवाय कोणी सांगू शकेल का? नाव नसलेला फोटो नातवाच्या लेखी अनोळखी माणसाचा फोटो होतो, मग तो शंभर ठिकाणी जपला तरी. हे काम तुमचंच आहे आणि ते करायला लॅपटॉप लागत नाही. आखाजीला नणंदा, लेकी माहेरी येतात तेव्हा जुने अल्बम काढून बसा. तुम्ही बोला, कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करा. पेन्सिलने फोटोच्या मागे हलकेच नाव, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढून उमटतो. चिकट पानांवर प्लॅस्टिक चढवलेले जुने अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, फाटतात. तसेच सावलीत ठेवून, प्लॅस्टिकवर उजेड चमकणार नाही असं बघून फोनने फोटो काढा. सुटे, चांगले फोटो स्कॅन करून घ्यायचे तर ६०० डीपीआयवर करून द्या म्हणावं. आणि मूळ फोटो टाकून देऊ नका, ती तर सगळ्यात जुनी प्रत आहे.

उलटही करा. दर दिवाळीला वर्षातले पन्नासएक चांगले फोटो कागदावर काढून घ्या. वीज, पासवर्ड, खातं, काहीही न लागणारी प्रत तयार होते, आणि ती तुम्हाला हवी तेव्हा मांडीवर घेऊन बघता येते. दिवाळीला मुलगी आली की नाशिकची डिस्क सोबत आणेल. त्याच दिवशी दोन्ही डिस्कवर नवे फोटो चढवायचे आणि कुठलेही दहा-पंधरा जुने फोटो, एखादा व्हिडिओ, एखादी व्हॉइस नोट उघडून बघायची. उघडून न बघितलेल्या प्रतीवर विश्वास ठेवू नका. पाचेक वर्षं झाली की डिस्क चालू असली तरी नवी घेऊन तिच्यावर सगळं उतरवा.

राहिला पुतण्या आणि रिकामा करायचा तुमचा फोन. तो मदतीला तयार आहे हे चांगलंच आहे, फक्त त्याचं काम शेवटी येतं. ‘सुप्रभात’ची फुलं आणि घरचे फोटो वेगळे करत बसू नका, त्या निवडण्यातच महिने जातात आणि प्रत राहून जाते. आधी तुमचा फोन सगळा जसाच्या तसा दोन्ही डिस्कवर उतरवायचा. मुलगी नाशिकला पोचून “डिस्क उघडली, फोटो दिसतात” असा फोन करेल. त्यानंतर पुतण्याला बोलवा. तुमच्या व्हॉट्सॲपमधलं आपोआप डाउनलोड त्याच्याकडून बंद करून घ्या, आणि फुलांपासून पुसायला सुरुवात करा. त्या पुसण्यात चुकून एखादा घरचा फोटो गेलाच, तर तो डिस्कवरून परत आणता येईल.